लघुलेखिकेच्या खणातली ट्यूब

मी शेपटीकडून गुंडाळत आलेली एक जुनी ट्यूब आहे. मलमाची म्हणा. पण खरचटल्यावर लावायचं मलम नव्हे, मित्रांनो. माझ्या पोटात इस्ट्रोजेन आहे. बाईची पाळी कायमची थांबली की अंगातून जे आटत जातं ते, तेही थोडंसंच. सोबत प्लास्टिकची एक नळी असते. जिथे कमी पडतं तिथेच, म्हणजे योनीत, ती मला पोचवते. लाजू नका. मी लाजत नाही, आणि मला तर झाकणही आहे.

कारखान्यात माझं पोट भरलं, शेपूट दाबली, डबा बंद केला. बाहेरचं जग कसं असेल याचं मला भारी कुतूहल. ते निघालं कोर्टातल्या एका लघुलेखिकेच्या कपाटातला खण.

बाई चोपन्न वर्षांची. साक्षीदाराचा शब्द न् शब्द टिपणारी. पण वर्षभर तिला लघवीची सारखी घाई, आग, कोरडेपणा. नवरा जवळ आला तरी धास्ती वाटायची. जंतुसंसर्गाच्या गोळ्या तीनदा झाल्या. त्यातल्या दोन वेळा तपासणीत जंतू सापडलेच नव्हते. साक्ष चालू असताना उठणार कशी? म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. शेवटी रेकॉर्ड रूममध्ये बदली मागणारा अर्ज तिने लिहून ठेवला. तीस वर्षांचं आवडतं काम सोडायला निघाली होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मला दिलं. दोन आठवडे रोज झोपण्याआधी, मग आठवड्यातून दोनदा. चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी डब्यातला घडीचा कागद तिच्या हाती लागला. दुसरी कुणी तो चुरगळून टाकते. ही पडली लघुलेखिका, हिने तो स्वल्पविरामासकट वाचला. कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात. तिने माझं झाकण घट्ट लावलं आणि मला मोज्यांखाली सरकवलं.

सहा आठवडे मला मोज्यांचीच सोबत. त्यांना जोडीदार हरवल्याचं दुःख असतं, एवढं कळलं.

मग तिची थोरली नणंद राहायला आली. निवृत्त नर्स. पाय गार पडले म्हणून मोजे शोधताना तिला मी सापडले.

"अगं, हे काय? उघडलेलं आणि भरलेलं?"

"वन्सं, आधी तो कागद वाचा."

"वाचलाय. पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांचे इशारे ह्यावरही छापतात. डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारायचं काय? छापलंय की."

"कोर्टात तुम्ही एकाच बाजूची साक्ष ऐकून निकाल देता का गं?"

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या, मी पर्समध्ये.

"ह्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्तनाचा कर्करोग झालाय कधी? पाळी थांबल्यावर रक्त गेलंय?"

"नाही."

"तसं असतं तर आधी त्यावर बोललो असतो. पुढे कधी थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच यायचं. आणि दोन-तीन महिने धीर धरा. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका, त्रास परत येतो."

बाईने हे सगळं त्याच कागदाच्या कडेला लघुलिपीत टिपून घेतलं. वन्सं हसू दाबत छताकडे बघत बसल्या.

त्या रात्रीपासून मी पुन्हा कामाला लागले. आधी आग गेली. मग कोरडेपणा कमी झाला. घाई मात्र हट्टी. ती रेंगाळत, मागे वळून बघत गेली. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी बाई खणाशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "आज उलटतपासणी सव्वादोन तास चालली. मध्ये वकिलालाच बाहेर जाऊन यावं लागलं, मला नाही."

"आणि अर्ज?"

"फाडला."

त्यानंतर पेल्यात पाणी ओतल्याचा आणि गटागट प्यायल्याचा आवाज आला. खणातून मला दिसत नव्हतं, पण तो आवाज मला आवडला.

आता माझी घडी झाकणाशी येऊन टेकलीय. संपत आल्याचं वाईट वाटत नाही. त्यासाठीच तर भरलं होतं. वाईट वाटतं ते माझ्या त्या बहिणींचं, ज्या कुणाच्या भीतीपायी भरल्यापोटी वाळून जातात.

मित्रांनो, तुमची आई, मावशी, काकू पाणी प्यायचं टाळत असेल, प्रवासाला नको म्हणत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. काय होतंय ते विचारा. सांगायला ती थोडा वेळ घेईल. घेऊ द्या. मग तिच्याबरोबर दवाखान्यात जा.