माझी पडण्याची नोकरी

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. पांढरा, पोकळ आणि एका टोकाला चिरलेला. माझ्या अंगावर निळ्या चिकटपट्टीचे पट्टे आहेत, त्यांतले निम्मे सुटून लोंबतात. मला पाहून कुणालाही वाटेल, याने जन्मभर फार तर ओले कपडे सांभाळले असतील. वाटू द्या. मी मात्र एका कुत्र्याची उडी अगदी खालून पाहिली आहे, आणि तसे पाहायला फार थोड्यांना मिळते.

जन्माने मी पाण्याचा पाइप. कारखान्यातल्या गरम यंत्रातून मी लांबच लांब बाहेर आलो, थंड पाण्यातून गेलो आणि करवतीखाली माझे तुकडे झाले. आम्हा भावंडांना एका नळदुरुस्तीवाल्याने विकत घेतले. त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. मिस्तरींचे काम चोख होते. त्यांनी जोडलेला पाइप गळला, असे कधी कुणी ऐकले नव्हते. जोड झाला की ते त्याला दोन्ही हातांनी हिसका देऊन पाहत आणि खुशीत म्हणत, "आता हा माझ्या नातवंडांच्या हातूनही सुटायचा नाही." माझी भावंडे अशा पक्क्या जोडांनी कुणाकुणाच्या न्हाणीघराच्या भिंतींत कायमची जाऊन बसली. मी तेवढा उरलो. या कामाला लांब आणि त्या कामाला आखूड, म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात उभा राहिलो. कोळ्यांनी माझ्या पोटात संसार थाटला. आपला कुणाला काही उपयोग नाही, या विचाराने मला फार वाईट वाटे.

मग दुकानात पार्सल आले. झाले असे, की पाणी तापवण्याच्या यंत्राचे रिकामे खोके दाराशी पडले होते आणि त्यात एक पिल्लू आपणहून शिरून झोपले होते. मिस्तरींच्या लेकीने खोके उघडले आणि ती ओरडली, "बाबा, तुमचं पार्सल आलंय! आणि ते जांभया देतंय!" तेच नाव कायम झाले. या कुत्र्याचा एक कान उभा आणि एक पडलेला होता. अक्कल बेताची, पण पायांत जणू स्प्रिंगा. लेक दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून घरी येई, तेव्हा पार्सल तिच्या खांद्यापर्यंत उडे आणि तिचा स्वतःचा चष्मा पाडे.

"एवढी हौस आहे तर नीट शिक," असे म्हणून ती त्याला एका मैदानावर घेऊन जाऊ लागली. तिथे कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवत. बोगद्यातून पळायचे, उंच फळीवरून चालायचे आणि आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या. घरी सरावासाठी एक अडथळा हवा होता. लेकीने कोपऱ्यातून मला ओढून काढले, कोळ्यांना घर खाली करायला लावले, मला निळे पट्टे चिकटवले आणि दुकानामागच्या गवतावर दोन खांब रोवून त्यांना लावलेल्या उथळ वाट्यांत आडवे ठेवले. किती दिवसांनी अंगाला ऊन लागले! मी अगदी हरखून गेलो.

सुरुवातीला मी जमिनीजवळ होतो, तेव्हा सगळे झकास चालले. पार्सल सहज पलीकडे जाई आणि लेक टाळ्या पिटी. पण मला वर चढवले आणि गडबड सुरू झाली. पार्सल धावत येई तोच मुळी लेकीच्या तोंडाकडे बघत. ती बाजूने पळत ओरडत राही, "चल पार्सल! हो पार्सल! शाब्बास पार्सल!" तो हवेत असतानाच तिच्याकडे मान वळवी. मान वळली की पाठ सपाट होई, मागचे पाय लोंबत आणि मला लागत. मी खडखडत खाली. "परत पाडला!" म्हणत लेक मटकन गवतावर बसे. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. कारण तेव्हा मला वाटे, की पडणे म्हणजे आपले नाक कापले जाणे.

हे सगळे मिस्तरी दुकानाच्या मागच्या दारातून बघत. त्यांचा जीव लेकीवर. त्यात त्यांचा जन्म सुटलेले जोड घट्ट करण्यात गेलेला. आपल्याच अंगणात एक पाइप दिवसातून कितीदा तरी सुटून पडतो, हे त्यांच्याने बघवेना. एका दुपारी लेक कामावर असताना ते पान्हा घेऊन आले. पाइप भिंतीला धरून ठेवतात ते दोन क्लॅम्प त्यांनी खांबांना ठोकले, मला त्यांत बसवले आणि बोल्ट पिळून पिळून आवळले. मग सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी हिसका दिला. मी तसूभर हललो नाही. "आता पाड म्हणावं," मिस्तरी म्हणाले. मीही वेडा, आनंदाने फुगलो. आता आपण कधीच पडणार नाही, याहून मोठे भाग्य ते कोणते?

संध्याकाळी लेक आली आणि घाईघाईत तिने पार्सलला सोडले. तिने क्लॅम्प पाहिले नाहीत. तो भरधाव आला, तिच्याकडे बघत उडाला आणि त्याचे पाय माझ्यावर आदळले. मी पडलो नाही. पडला तो. हवेत उलटा होऊन तोंडावर आपटला आणि असा केकाटला, की शेजारच्या खिडक्या उघडल्या. मग पुढचा पाय उचलून, लंगडत तो थेट दुकानातल्या टेबलाखाली गेला.

गुरांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला, एक्स-रे काढला आणि सांगितले, "हाड शाबूत आहे. मुका मार आहे, होईल बरा." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण घरी आल्यावर लेकीची नजर क्लॅम्पवर गेली.

"हे कुणी केलं?"

"मी," मिस्तरी म्हणाले. "सारखा पडत होता ना. म्हटलं, तुझा त्रास वाचेल."

"बाबा, तो पडायलाच हवा! पडतो म्हणून तर पार्सलला लागत नाही!"

मिस्तरी पान्हा आणायला वळले. मी अजून खांबावर आवळलेलाच होतो. मित्रांनो, त्या क्षणी मला माझी नोकरी कळली. उभे राहण्यासाठी मला कुणी ठेवलेच नव्हते. मला ठेवले होते ते वेळेवर पडण्यासाठी.

पाय लवकरच बरा झाला. भीती मात्र बरी होईना. मागचे दार उघडले की पार्सल उंबऱ्यावरच पोट टेकून बसे आणि माझ्याकडे असा बघे, जणू मी त्याला चावलो आहे. मैदानावरही तो कुठल्याच दांड्याजवळ जाईना. लेकीने मैदान सोडले. तिचे आणि मिस्तरींचे बोलणेही मीठ दे, पाणी दे, एवढ्यावर आले. शेवटी लेकीची आई शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणाली, "तुम्ही दोघं रुसलेले, कुत्रा घाबरलेला. या घरात शहाणी एकटी मीच उरले की काय?"

अशात एके दिवशी मैदानावरच्या शिक्षिका स्वतःच दुकानात आल्या. त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत, कारण त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे आणि ती त्यांनी कधी वाजवल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. त्यांनी पार्सलला पाहिले, मला पाहिले, आणि त्या उंबऱ्यावर कुत्र्याशेजारीच बसल्या.

"उडी राहू दे बाजूला," त्या लेकीला म्हणाल्या. "आधी याला पटू दे, की दांडा पडतो आणि पडला तरी आभाळ कोसळत नाही. तेवढं झालं तर हा उडेल. नाही झालं तर पुन्हा त्याला विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल," लेक म्हणाली. "पण रोज दांडा पाडत कोण बसणार? मी तर कामावर असते."

"मी बसतो," दारामागून मिस्तरी म्हणाले.

आणि ते खरोखर बसले. रोज कामावरून आले की बादली उपडी घालून गवतावर बसत. क्लॅम्प त्यांनी केव्हाच उखडून टाकले होते. ते पार्सलपुढे उकडलेल्या मांसाचे तुकडे ठेवत आणि दूरवर मला वीतभर उंचीवरून सोडून देत. खड! पार्सल दचके. "पडला बघ," मिस्तरी त्याला समजावत. "पडला की नाही? गेलं का आपलं काही? खा तू." दुसऱ्या दिवशी थोडे जवळ, मग आणखी जवळ. कधी पार्सल खाणे टाकून पळे, मग मिस्तरी मुकाट्याने मला पुन्हा लांब नेत. एवढ्या मायेने मला याआधी कुणी पाडले नव्हते. होता होता एके संध्याकाळी मी त्याच्या नाकासमोर पडलो, तरी त्याने फक्त उभा कान हलवला आणि तुकडा चघळत राहिला. मिस्तरींनी चष्मा काढून डोळे पुसले. दुकानावरच्या घराच्या खिडकीत लेक उभी होती. ती खाली आली आणि दुसरी बादली उपडी घालून वडिलांशेजारी बसली.

"बाबा, उद्या मी पाडते."

"पाड. पण जपून पाड, त्याचं टोक चिरलंय," मिस्तरी म्हणाले.

त्यानंतर खरे शिक्षण सुरू झाले, आणि ते कुत्र्यापेक्षा लेकीचेच जास्त होते. शिट्टीबाईंनी मला जमिनीवर ठेवले. माझ्यापुढे आणि मागे आणखी दांडे अंतराअंतरावर मांडले. पलीकडच्या टोकाला जमिनीवर एका ताटलीत खाऊ ठेवला. "त्याची नजर तुझ्या तोंडावर नको, पुढे आणि खाली हवी," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि तो हवेत असताना तू गप्प. अगदी गप्प! आपण जिना उतरताना कुणी मागून हाक मारली तर काय होईल?" लेक ओठ गच्च मिटून उभी राही. बोलायची इतकी ऊर्मी येई, की तिचे गाल फुगत. पण पार्सल आता स्वतःच अंतर जोखू लागला. उडण्याआधी पाऊल आखडायचे, भार मागच्या पायांवर घ्यायचा, मान खाली घालायची आणि पाठीची कमान करायची, हे त्याला कुणी शब्दांनी शिकवले नाही. दांड्यांच्या मांडणीनेच शिकवले. मला त्याच्या प्रगतीप्रमाणे बोट बोट वर चढवत नेले. खालून मला त्याचे पोट दिसे, मग नीट दुमडलेले मागचे पंजे दिसत. तो गेला की वाऱ्याची झुळूक तेवढी अंगाला लागे. मला वाटे, हे सुख भिंतीतल्या भावंडांना कुठले?

मिस्तरींनी माझ्यासाठी नव्या वाट्या केल्या. इतक्या उथळ आणि इतक्या घासून गुळगुळीत, की मांजराचे शेपूट लागले तरी मी घरंगळावा. त्या बसवून झाल्यावर त्यांचे हात हिसका द्यायला पुढे आले आणि मध्येच थांबले. त्यांनी मला एका बोटाने हलकेच ढकलले. मी पडलो. "झकास," ते म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा सुटणारा जोड केला."

मग मैदानावरची स्पर्धा आली. अडथळे कमी होते, म्हणून ज्याने त्याने घरचे आणले. शेवटून दुसरा अडथळा माझा होता. पार्सल निघाला. लेक त्याच्या बाजूने, तोंड मिटून, हाताने दिशा दाखवत पळत होती. बोगदा झाला, फळी झाली, एकामागून एक उड्या झाल्या. माझ्याकडे येताना तो ओल्या गवतावर किंचित घसरला. उडी जराशी अलीकडून निघाली. मागचा एक पंजा मला लागला.

मी पडलो. ठरल्याप्रमाणे, लगेच, काहीही न धरता पडलो.

माणसांच्या तोंडून "अरेरे" निघाले. पडलेल्या दांड्याचे गुण जातात, पण लेकीला गुणांची फिकीर नव्हती. आता तो थांबेल, पोट टेकून बसेल, अशी तिला भीती होती; आणि मग पुन्हा त्याला कधी विचारायचे नाही, असा तिचा शब्द होता. मीही गवतात पडल्या पडल्या श्वास रोखला, म्हणजे मला जमतो तितका.

पार्सलचा उभा कान एकदा मागे वळला. तेवढेच. तो शेवटच्या अडथळ्यावरून पाठीची सुंदर कमान करून गेला आणि रेषेपलीकडे लेकीच्या खांद्यापर्यंत उडाला. तिचा चष्मा खाली पडला. तो न उचलता ती त्याच्या मानेत तोंड खुपसून रडत होती आणि हसत होती. कडेला मिस्तरी नाचत होते. "पडला! दांडा पडला! बघितलंत का, पडला!" शेजारच्या माणसाला वाटले, हे दुसऱ्या कुत्र्याच्या बाजूचे असावेत. आईने त्यांना सदरा धरून खाली बसवले. आम्हाला बक्षीस मिळाले नाही. त्या दिवशी घरी जाताना गाडीत इतके हलके वाटत होते, की बक्षिसाची आठवणही कुणाला आली नाही.

आता नवे, हलके, रंगीत दांडे आले आहेत. लेकीने दुसरी दोन पिल्ले शिकायला घेतली आहेत. मधली काही वर्षे मी पुन्हा कोपऱ्यात होतो, पुन्हा कोळी आले. तक्रार नाही. पार्सलही म्हातारा झाला आहे, त्याचा उभा कानही आता पडला आहे. मिस्तरींनी परवा मला बाहेर काढले आणि मागच्या दारासमोर दोन विटांवर नुसते आडवे ठेवले. पार्सलचे सांधे आखडू नयेत, म्हणून डॉक्टरांनी त्याला सावकाश पाय उचलून चालायला सांगितले आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी शिकत असेल. त्याच्यावर तुमची माया असेल, तर त्याचा दांडा घट्ट आवळू नका. तो पडेल अशी सोय ठेवा, आणि पडला तर पुन्हा उचलून ठेवायला शेजारी बादली उपडी घालून बसा. मला एवढेच सांगायचे होते.

आता ऊन उतरले आहे. मिस्तरी बादलीवर बसले आहेत आणि पार्सल दारातून माझ्याकडे येतो आहे. तो मान खाली घालतो, अंतर जोखतो, एक एक पाय उचलतो. कधी मागचा पंजा मला लागतो. मग मी काय करतो म्हणता? लगेच पडतो.