शेताच्या मातीची सरुबाई

वीसेक वर्षांनी तेजस्विनी हिंजवडीला परतली, तेव्हा स्वतःच्या घराची वाट तिला फोनला विचारावी लागली. स्वीडनमध्ये तिनं शिल्पकार म्हणून नाव कमावलं होतं, पण अलीकडे तिच्या हातून एकही मूर्ती पुरी होत नव्हती. करायला घ्यावं ते निर्जीव वाटे आणि ती अर्ध्यातच मोडून टाकी.

थोरला भाऊ विक्रम तिला जुन्या शेतावर घेऊन गेला. शेत कसलं, टॉवरच्या पायासाठी खणलेला खड्डा! काठावर काळ्या मातीचा ढीग पडला होता. तेजस्विनीनं मूठभर उचलली, बाटलीतलं पाणी शिंपडून मळली आणि तिथंच फतकल मारून बसली.

"दादा, ही माती मला हवी."

"परदेशातून आलीस ती चिखल मागायला?" विक्रम हसला. पण संध्याकाळी ट्रॉलीभर माती त्यानं अंगणात ओतलीच.

मूर्ती कुणाची, हा प्रश्नच नव्हता. त्या शेतात जन्म घालवलेली चुलती, सरुबाई, समोर ओट्यावरच बसली होती. एक पाय दुमडलेला, हात कपाळाशी, नजर लांब.

काळी माती मात्र मोठी खट. वाळताना आकसली आणि पहिली मूर्ती खांद्यापासून कमरेपर्यंत तडकली. दुसरी अंगणात विटांनी रचलेल्या भट्टीत फुटली.

"तेजू, चांगली माती विकत आणू की," विक्रम म्हणाला.

"चांगलीच आहे ही. मलाच अजून कळली नाही."

तिनं भट्टीतले तुकडे कुटले, चाळले, तो चुरा नव्या मातीत कालवला आणि पुन्हा बसली. ताटं झाकून ठेवलेली तशीच राहू लागली.

तिसऱ्या मूर्तीची भट्टी निवली. तिनं एकेक करून विटा उतरवल्या. आतून तांबूस, अखंड सरुबाई बाहेर आली.

म्हातारी मूर्तीभोवती फिरली. "नाक माझंच हाय. पण इतकी गप मी कवा बसले गं?"

सगळे हसले. तिनं मात्र मूर्तीच्या गुडघ्यावर तळवा टेकला. "आपल्या रानाचीच ना?"

"तुझ्याच रानाची, काकी."

विक्रम पुढे झाला. "टॉवरच्या गेटात बसवू हिला."

"गेटात बसाया मी वॉचमन हाय व्हय? मारुतीच्या पारावर बसवा!"

मग काय, ट्रॅक्टर सजला, हलगी आली. ट्रॉलीत मूर्ती, तिला धरून तेजस्विनी आणि विक्रम, शेजारी खुर्ची टाकून नव्या लुगड्यातली खुद्द सरुबाई. ऐन ऑफिसच्या वेळेला वरात रस्त्यावर आली. कंपन्यांच्या बस खोळंबल्या, खिडक्यांतून मोबाईल बाहेर आले.

"कुणाची मिरवणूक, आजी?" एका ड्रायव्हरनं ओरडून विचारलं.

"माझी!" सरुबाई त्याच्या वरताण ओरडली. "आन् ह्या माझ्या पोरीची!"

हलगी कडाडली. मूर्ती विक्रमच्या हवाली करून तेजस्विनीनं दोन्ही हात वर केले आणि भर रस्त्यात, चालत्या ट्रॉलीत, नाच धरला.