बानूची शीळ

मार्गशीर्षातले ऊन. कोवळे नव्हे, कठोर नव्हे. उघड्या टेकडीवर पाठ शेकत बसावे असे मधुवर्णी, मायाळू ऊन. खाली शाळूचे हिरवे पट्टे, वर वाळल्या कुसळांचा पिवळा पसारा, आणि त्यांच्या मधून वळणे घेत चढणारी एक कृश पाऊलवाट. त्या वाटेने फौजदार चालले होते.

फौजदार ते टेकडीवर शेळ्या राखणाऱ्या कोंडाबाईच्या लेखी. एरवी शरच्चंद्र आयवळे आता पोलीस निरीक्षक होते. कानशिलांवर रुपेरी छटा, कमरेचा पट्टा दोन भोके पुढे सरकलेला. शिवाय ते कथा लिहीत. दोन पुस्तके निघाली होती. ठाण्यातले शिपाई पाठीमागे त्यांना ‘कविराज’ म्हणत, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत. आज अंगावर खाकी नव्हती. पांढरा सदरा होता, आणि काखेत तिसऱ्या पुस्तकाची वही होती.

वहीत अकरा कथा. दहा त्यांच्या स्वतःच्या. अकरावी कोंडाबाईच्या लेकीची, बानूची.

एकोणीस वर्षांपूर्वी, अशाच निरभ्र, अशाच निवांत दुपारी, बारा वर्षांची बानू विहिरीत पडलेल्या करडाला काढायला उतरली. करडू तिने पायरीवर लोटले. तिचा पाय मात्र शेवाळावरून सुटला. करडू वाचले; बानू गेली. नव्याने फौजदार झालेल्या आयवळ्यांनी लिहिलेला तो पहिला पंचनामा. हिरवा परकर. पिवळे पोलके. डाव्या हातात काचेच्या बांगड्या तीन.

लिहिताना त्यांना रडू आले होते. पण पंचनाम्यात लिहिणाऱ्याच्या रडण्याला जागा नसते. ते रडू एकोणीस वर्षे मनाच्या कोनाड्यात पडून राहिले, आणि गेल्या श्रावणात कथा होऊन कागदावर उतरले. आजवर लिहिलेल्यांत तीच त्यांच्या सर्वांत जिवाची होती.

आता पोलिसांची एक रीत आहे. जबाब लिहिला, की ज्याचा त्याला तो वाचून दाखवायचा. ‘बरोबर आहे’ म्हटले, तरच खाली सही किंवा अंगठा. चोरांपासून साक्षीदारांपर्यंत सगळ्यांशी ही रीत पाळलेल्या माणसाने एका आईला न विचारता तिची लेक छापायची? ते काही त्यांच्या मनाला पटेना. कोंडाबाई नको म्हणाली, तर अकरावी कथा काढून टाकायची, असे प्रकाशकाला सांगूनच ते आले होते. चढावर छाती धडधडत होती, ती काही नुसत्या चढाने नव्हे.

बाभळीच्या विरळ, जाळीदार सावलीत कोंडाबाई बसली होती. सत्तरीची, सुरकुतलेली, शेळ्यांवर नजर खिळलेली. चाहूल लागताच तिने कपाळावर आडवा हात धरला.

“फौजदार न्हवं का? लय सुटलासा की वो!”

फौजदार ओशाळून हसले. तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. कशासाठी आलो, ते त्यांनी सांगितले. चष्मा लावला, आणि वाचू लागले.

वाचता वाचता टेकडीवर बानू अवतरली. हिरव्या परकराची, पिवळ्या पोलक्याची, वाऱ्याशी वाद घालणारी बानू. कोंडाबाईची बोटे पदराच्या टोकाशी चाळा करीत होती. उन्हाचा एक कवडसा तिच्या पायांवरून सरकत गेला. “बानू गात गात टेकडी उतरे,” फौजदार वाचत होते, “आणि शेळ्या तिच्या स्वरामागून...”

“थांबा. गात न्हवती ती.”

फौजदारांचे बोट ओळीवरच थबकले.

कोंडाबाईने पदराचे टोक सोडले. मग शेळ्यांकडे बघतच म्हणाली, “शीळ घालायची. शेरडं बोलवायला. सारं गाव नावं ठेवायचं, पोरीच्या जातीला शोभतं व्हय म्हनून. त्या दिशीबी घातली. म्या तोंडावर मारलं तिच्या. तशीच ग्येली, न बोलता. जबाबात सांगितलं न्हाई तुमास्नी. लाज वाटली.”

ऊन तसेच होते, मधुवर्णी, मायाळू. फौजदारांना मात्र एकाएकी थंडी वाजली. एकोणीस वर्षे ही बाई हे एकटीने उराशी धरून बसली होती, आणि आपण बांगड्या मोजल्या, याचे त्यांना फार वाईट वाटले.

“मावशी, ही कथा नको छापायला,” ते हळूच म्हणाले.

“का वो? छापा की. पर शीळ लिवा. म्या मारल्यालंबी लिवा. शीळच न्हाई, तर ती माजी बानू कशी?”

फौजदारांनी ‘गात गात’ खोडले. वर लिहिले: शीळ घालत. खाली, आईच्या हाताविषयी, दोनच ओळी लिहिल्या. मग पहिल्यापासून सारे पुन्हा वाचून दाखवले. कोंडाबाई ऐकत राहिली, आणि गालांवरून ओघळणारे पाणी तिने पुसले नाही.

“आता बरोबर हाय,” ती म्हणाली.

सवयीने त्यांनी खिशातून शाईची डबी आणली होतीच. ज्या हाताने मारले होते, त्याच हाताचा अंगठा तिने कथेखाली उमटवला. खूप वेळ दाबून धरला. मग त्या निळ्या, गोल ठशाकडे बघत पुटपुटली, “कागदाला शीळ येती व्हय, फौजदार?”

फौजदारांनी शाईची डबी मिटली.

मग कोंडाबाईने आयुष्यात कधी केले नव्हते ते केले. भेगाळलेले ओठ जिभेने ओले केले, आणि फुंकर घातली. नुसता वारा निघाला. पुन्हा फुंकर; पुन्हा वारा. तिसऱ्या खेपेला एक सूर आला. किरटा, कापरा, कातर, पण कानात एकोणीस वर्षे जपलेला, तिच्या लेकीचा.

आणि खाली उतारावर, पिवळ्या गवतात, पिवळ्या उन्हात, विहिरीतून वाचलेल्या त्या करडाच्या लेकी, नाती, पणत्या चरता चरता थांबल्या. आणि एकामागून एक, एकामागून एक, साऱ्यांनी माना वर केल्या.