थोरल्या सुनेचं वरण

‘शपथ थोरल्या सुनेची’ ही चित्रमालिका सव्वीस वर्षं रोज पेपरात येत होती, आणि ती नुसती पाहिली तरी सुरभीला मळमळायचं. सून सव्वीस वर्षं त्याच साडीत रडते, तिचा पोरगा एकोणीस वर्षं पाचवीतच, सासऱ्याची मिशी काही पिकत नाही. तरी सिंदी मेघे गावातल्या त्या घरात सासरे अण्णाजी रोज चहासोबत ती मोठ्याने वाचत, आणि सुरभीला ऐकावी लागे.

सूड म्हणून ती मोबाइलवरच्या ‘सुनेचे भक्त’ या ग्रुपमध्ये शिरली. दहा-बारा टवाळ माणसं. चित्रातले संवाद पुसायचे, आपले घालायचे आणि फिदीफिदी हसायचं, एवढाच उद्योग. त्यांचा म्होरक्या सेलूचा आदेश नावाचा पोरगा. मालिकेसाठी पेपर वाचकांकडून प्रसंग मागवायचा, म्हणून तो अधूनमधून सगळ्यात भिकार प्रसंग ‘आपला नम्र वाचक’ अशी सही करून पेपराच्या ऑफिसात पाठवायचा. हेही छापतात का, ते बघायची मजा.

एका दुपारी सुरभीने मनातली सगळी घाण तिथे ओकली. अण्णाजी रोज जेवणाआधी स्वयंपाकघरात येत, वरणात पळी बुडवत, चाटत, ‘मीठ बराबर आहे’ म्हणत आणि तीच चाटलेली पळी परत गंजातल्या वरणात सोडत. तिला शिसारी यायची. पण सासऱ्याला तोंडावर कोण सांगणार? नवरा गोपाल म्हणे, “बाबाच आहेत न.” शेवटी तिने ती पळी चित्रातल्या सासऱ्याच्या हाती दिली. ग्रुप हसून लोटपोट झाला. आदेशने तिला न विचारता प्रसंग पाठवून दिला.

आणि मेल्यांनी तो छापला.

त्या सकाळी अण्णाजी वाचू लागले. पळी आली, चाटणं आलं. मग सून मनाशी म्हणाली, ‘नऊ वर्षं मी हे उष्टं वरण डोळे मिटून गिळते.’ सुरभीच्या लग्नाला नऊ वर्षंच झाली होती. आकडा बदलायचं तिला सुचलंच नव्हतं.

अण्णाजींनी चष्मा पुसला. “लय घाणेरडा माणूस दाखवून राह्यले,” म्हणाले आणि पेपराची घडी घातली. सुरभीचा जीव भांड्यात पडला. ह्यांना स्वतःचं तोंडही ओळखू येत नाही, म्हणून किळसही आली.

दुपारी ते स्वयंपाकघरात आले. पळीतलं वरण तळहातावर घेतलं, चाखलं, हात धुतला.

“मीठ बराबर आहे,” ते म्हणाले. मग तिच्याकडे न पाहता, “तुही सासू गेली तवापासून मले कोनी टोकलंच नाई. तू सांगतलं असतं तं त्याच दिवशी सोडलं असतं, पोरी. साऱ्या जिल्ह्याले काऊन सांगतलं?”

ओट्यावरचा मोबाइल वाजत होता. आदेशने लिहिलं होतं, ‘कहर केला ताई, आणखी एक येऊ द्या.’ तिला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

ती पानावर बसली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या वरणाला कोणाची जीभ लागली नव्हती, आणि तिच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता.