रेडिएटरची चावी शून्यावर
"चारवर! टिलबाई, अहो चारवर कोण ठेवतं?" टिलबाईंच्या बैठकीतल्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरपुढे उकिडवा बसून वरच्या मजल्यावरचा विगांड म्हणाला. "अख्ख्या गल्लीला शेक द्यायचाय का?"

टिलबाई ओशाळल्या. ऐंशी वर्षांचं वय, संधिवाताने वाकडी झालेली बोटं आणि तुटपुंजी पेन्शन. हीटिंगचं वर्षाचं बिल घेऊन त्या सकाळी जिन्यात त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि "तुम्ही कसं हो भागवता?" एवढंच त्यांनी विचारलं.

विगांड या प्रश्नाची वाटच बघत असे. तीस वर्षं जर्मनीतल्या कासेल शहराच्या ट्रॅममध्ये त्याने फुकटे प्रवासी पकडले होते. निवृत्त झाल्यापासून अकरा हिवाळे त्याच्या घरातल्या सगळ्या चाव्या शून्यावर होत्या, आणि तरी घर असं की नुसत्या सदऱ्यावर बसावं. आपलं बिल तो खिशात घेऊन हिंडे आणि भेटेल त्याला दाखवी. शेजारी त्याला तोंडावर 'शून्यसम्राट' म्हणत आणि हा बेटा खूश होई.

"शिस्त लागते बाई, शिस्त! खोली नाही तापवायची, माणूस तापवायचा. स्वेटर घाला, जाड मोजे घाला." त्याने चावी फिरवून एकवर आणली. "होईल सवय."

"माझंच चुकलं," टिलबाई म्हणाल्या. "इतकी उधळपट्टी करत होते मी. लाज वाटते हो."

तिसऱ्या दिवशी विगांड शिंकतच उठला. भिंतीवरचा तापमापक चौदा अंश दाखवत होता. त्याने त्यावर टिचक्या मारल्या, खिडक्यांच्या फटी तपासल्या. सगळं ठीक होतं. बाहेरची थंडीही कालच्याइतकीच होती. मग तो अनवाणी बैठकीच्या मधोमध आला आणि थबकला. रोज कोमट लागणारी जमीन आज गारठली होती. बरोबर खाली टिलबाईंची बैठक होती.

विगांडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा हिवाळे! ज्यांना त्याने भर ट्रॅममध्ये, चारचौघांत खाली उतरवलं होतं, ते तरी दोन-चार थांब्यांपुरतेच फुकटे होते.

तो खाली गेला. टिलबाईंनी दार उघडलं ते कोट, टोपी, हातमोजे अशा थाटात. ओठ निळसर पडले होते.

"एकवरच आहे हं! हात लावून बघा हवं तर." त्यांचा चेहरा उजळला होता. "मी बिस्किटं करून ठेवलीत तुमच्यासाठी. तुमचे फार उपकार झाले."

"चारवर करा," विगांड कसाबसा म्हणाला.

"आता? इतकी सवय झाल्यावर?"

चारवर करा म्हणणं म्हणजे पुन्हा स्वतःसाठीच मागणं, हे त्याला कळत होतं. त्याने मान खाली घातली. "बाई, माझं घर तुमच्या पैशांनी तापत होतं. मी काही वाचवलं नाही. फुकटात बसलो होतो."

बाई हसल्या.

"म्हणजे माझी ऊब कुणाच्या तरी कामी येत होती तर. मला वाटायचं, सगळी वायाच जाते."

त्यांनी दोनचार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने खाली बसून चावी चारवर नेली आणि बिस्किटांचा डबा मुकाट्याने घेऊन तो वर आला.

आल्या आल्या त्याने आपली चावी पाचवर फिरवली. चावी फिरली, रेडिएटर मात्र थंडच राहिला. अकरा वर्षं बंद राहून आतली कळ अडकून बसली होती. त्याने फोन लावला. दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता.

संध्याकाळपर्यंत टिलबाईंच्या उबेने पायाखालची जमीन हळूहळू कोमट झाली. विगांडने उठून कोट घातला, बूट चढवले, नाड्या घट्ट बांधल्या आणि पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर उचलून धरून तो बसून राहिला.