काठाकाठाने चाललेला कॅप्टन

आमच्या कालव्यावर भाड्याची नाव चालवायला परवाना लागत नाही. अर्धा तास शिकवणी, एक सही, आणि आयुष्यात भरलेली बादली धड न उचललेला माणूस बारा मीटरची नाव घेऊन माझ्या दारात येतो. बर्गंडीतल्या या कालव्यावर मी बावीस वर्षं सहा लॉक, म्हणजे नावा चढवायचे-उतरवायचे दरवाजांचे हौद, सांभाळते. नाव हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, झडप उघडून पाणी उतरवायचं, नाव खालच्या पातळीला आली की पुढचे दरवाजे उघडून तिला सोडायचं. मग मोपेडवर बसून तिच्याआधी पुढच्या लॉकवर जाऊन उभं राहायचं. त्यामुळे एखादा मूर्ख माझ्या वाट्याला आला की तो दिवसभर येतो.

त्या जुलैमधला रेजिस बोनेफॉन असाच आला. रांस शहरात त्याची चष्म्यांची तीन दुकानं होती, हे त्याने मला पहिल्या लॉकवर पाणी निम्मं उतरायच्या आत सांगितलं. डोक्यावर सोनेरी नांगराची पांढरी टोपी, पांढरी पँट, पांढरे कापडी बूट. त्याच्या हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं वेळापत्रक होतं: नऊ चाळीसला अमुक लॉक, दहा पंचवीसला तमुक पूल. आमच्याकडे लोक निवांतपणासाठी येतात. हा निवांतपणासुद्धा घड्याळ लावून उरकत होता.

बायको होती ओदिल. साठीची, बुटकी, हातात भांडी घासायचे पिवळे हातमोजे. दोरांनी तळहात सोलले होते म्हणून ते घातलेले. तो चाकापाशी उभा राहून हुकूम सोडायचा आणि ती नावेच्या पुढून मागे, मागून पुढे पळायची.

"पुढचा दोर, ओदिल. तो नाही, पुढचा. पुढे म्हणजे कुठे ते तरी कळतं का तुला?"

"हो, रेजिस."

खरं सांगते, मला त्याच्यापेक्षा तिचाच जास्त तिटकारा आला. असली पायपुसणी बाई पाहिली की माझं डोकं फिरतं. एक लाथ घालून याला पाण्यात ढकलायला काय हरकत आहे, असं मनात म्हणत मी दरवाजा उघडला.

दुसऱ्या लॉकवर ते पोचले तेव्हा बाराला पाच कमी होते. मी नाव आत घेतली, मागचे दरवाजे लावले आणि सांगितलं, "आता एक वाजता."

"म्हणजे?"

"म्हणजे मी जेवणार."

"बाई, बारा दहाला आम्ही इथून बाहेर पडलेले असायला हवं."

"असाल. एक दहाला."

"तुमच्यासारख्या लोकांमुळे हा देश मागे पडलाय," तो म्हणाला.

मी घरात जाऊन मसूर आणि सॉसेजच्या ताटावर बसले. झडप फिरवायची मूठ मात्र मी जागेवरच ठेवली होती. ती माझी चूक, आणि ती मी नंतर वर कळवलीही.

पुढे काय घडलं ते खिडकीतून थोडं दिसलं, थोडं ऐकू आलं. तो बायकोला म्हणाला, "दोराचं मी बघतो, तू जेवणाचं बघ." मग त्याने पुढचा दोर काठावरच्या खुंट्याला चांगल्या चार गाठी मारून करकचून बांधला, उडी मारून वर आला आणि झडप उघडली. पाणी उतरू लागलं. नाव पाण्याबरोबर खाली जाते आणि दोर सैल सोडत राहावा लागतो, हे त्याला अर्ध्या तासाच्या शिकवणीत सांगितलं असणारच. पण ऐकणं हे काम त्याने बायकोवर सोपवलेलं.

नावेचं पुढचं टोक दोराला लटकलं आणि मागचं खाली गेलं. आतून भांडी कोसळल्याचा आवाज आला. मी गळ्यातला रुमाल तसाच घेऊन धावले. तो काठावर उभा राहून ओरडत होता, "दोर सोड, ओदिल, दोर सोड." ताणलेला दोर हत्तीलाही सुटला नसता. मी झडप बंद करत होते तेवढ्यात ती बाहेर आली. केसात कोशिंबीर, हातात पाव कापायची सुरी. तिरक्या फळीवरून हातापायांवर सरकत ती पुढे पोचली आणि शांतपणे दोर कापू लागली. शेवटचा धागा तुटला तशी नाव धप्पकन पाण्यावर बसली आणि ओदिल पडली. मग गुडघा चोळत उठली.

"नवा कोरा दोर होता," तो वरून म्हणाला. त्याचे हे पहिले शब्द. "वेड्यासारखं कापायचं काय कारण होतं?"

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "तुमचं जेवण झालं का?"

"अर्धं."

"मग जेवून घ्या. मला घाई नाही."

मी गेले. लाजत नाही, सगळं ताट संपवलं. खिडकीतून पाहिलं तर ती पीच खात बसली होती. तो लोखंडी शिडीवरून खाली उतरू लागला, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला.

"तू खाली उतरलास तर मी वर चढते. मग ही नाव एकट्याने ने."

तो शिडीवर थांबला. एकट्याने नाव नेणं म्हणजे दोर बांधणं आलं. तो परत वर चढला.

एक वाजता मी उरलेलं पाणी उतरवलं आणि पुढचे दरवाजे उघडले. तिने हातमोजे काढले, चाक धरलं आणि नाव बाहेर काढली. पहिल्याच वळणावर ती झाडीत घुसली, मागे आली, पुन्हा घुसली. दुसऱ्या वळणावर सरळ झाली. तो काठावरच्या वाटेने तिच्या बरोबरीने चालत होता. भाड्याची नाव माणसाच्या चालीनेच जाते. त्यामुळे तो मागेही पडेना आणि पुढेही जाईना.

"डावीकडे घे. डावीकडे. वेग कमी कर, ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. मला मोपेडवरून येत होतं, तर तिला येणारच.

व्हिल्नोत गावात कालवा कॅफेच्या समोरून जातो. आमच्या भागात बातमी फोनने जाते आणि फोन मीच केला होता. त्यामुळे अख्खं गिऱ्हाईक ग्लास घेऊन बाहेर उभं होतं.

"कॅप्टन, नाव चुकली वाटतं?" कोणीतरी विचारलं.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," तो टोपी सावरत म्हणाला.

"आणि वहिनींना?"

ती हात हलवून पुढे गेली. मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या आशिलने त्याला वाट द्यायला गळ उचलला आणि म्हणाला, "डॉक्टर चांगलाय हो तुमचा. नाव सांगा."

तिसऱ्या लॉकवर मी त्याला दरवाज्याच्या लांब लाकडी दांड्यापाशी उभं केलं. "पाठ लावा आणि ढकला." त्याने ढकललं. मला गरज नव्हती, मी रोज एकटी करते. चौथ्या लॉकवर त्याच्या तळहाताला फोड आले, पाचव्यावर ते फुटले. मला वाईट वाटलं नाही. वाटावं म्हणून थांबूनही पाहिलं.

"बाई, तुम्ही तरी तिला समजवा," तो हळूच म्हणाला.

"साहेब, मी झडपा उघडते, तोंडं नाही."

मग तो नावेकडे पाहत, तिलाही ऐकू जाईल असं म्हणाला, "चालवते मात्र बरी. शेवटी मीच शिकवलंय."

तेवढं ऐकून ती त्या दिवसात एकदाच हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून. मग पाण्याची एक बाटली काठावर फेकली. बाटली त्याच्या पायाशी पडली, आणि ती उचलताना त्याची टोपी पाण्यात गेली. कोणीच काढली नाही.

सहा वाजता मोंक्रे गावाचा धक्का आला. माझा सहावा लॉक तिथे आहे आणि पुढचे फिरमां सांभाळतो. तिने नाव इतकी हळू धक्क्याला लावली की फिरमांने आपली सिगारेट बाजूला ठेवून दोर धरला. रेजिस बाकावर बसून बूट काढत होता. मोजे टाचांना चिकटले होते.

ती एक बॅग घेऊन खाली उतरली आणि माझ्यापाशी आली. "स्टेशनला जाणारी बस कुठून सुटते?"

मला मनातून वाईट वाटलं. इतकं करून शेवटी हिनेच जायचं, आणि नाव राहणार या गाढवाला. "चर्चसमोरून, पावणेसातला," मी म्हटलं. "पण तुम्ही कशाला जाता?"

"मी नाही." तिने बॅग बाकावर त्याच्याशेजारी ठेवली. "यात तुझे कपडे आणि घराची किल्ली आहे. फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात सूप आहे."

"ओदिल, लोक काय म्हणतील?"

"विचार त्यांना. सगळे इथेच आहेत."

होतोच आम्ही. मी, फिरमां, बेकरीवाली, दोन डच जोडपी. कोणी खाली पाहण्याचंही नाटक केलं नाही. तो बूट हातात घेऊन, अनवाणी, चर्चकडे गेला.

मी तिला म्हटलं, "सकाळी मी तुम्हाला पायपुसणी समजले होते."

"मीही," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं."

तिच्याकडे नावेचे अजून पाच दिवस होते. फिरमांचा फोन रोज यायचा. पहिल्या दिवशी तिने एका पुलाला घासलं. दुसऱ्या दिवशी ती अक्रोडाच्या झाडांखाली नाव बांधून दिवसभर तिथेच पडून राहिली, नाश्ताही संध्याकाळी केला. तिसऱ्या दिवशी फिरमांने विचारलं, घरी परत गेल्यावर काय करणार. ती म्हणाली, अजून दोन दिवस आहेत.

त्याने मला विचारलं, "मोरिसेत, काय करेल गं ती?"

मी म्हटलं, माहीत नाही, आणि ठेवते आता, माझ्या लॉकवर नाव आली आहे. तीत चार जण होते, आणि चौघंही एकमेकांना पुढचा दोर कुठला ते सांगत होते.