वच्छलाच्या दारातले सारस

वैशाखातला उजेड आमच्या कामठ्यात घाईने येत नाही. आधी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरची मोहाची झाडे काळ्याची करडी होतात. मग धान कापून गेलेल्या बांध्यांतले खुंट एकेक करून वेगळे दिसू लागतात, आणि पुढे बराच वेळ याहून अधिक काही घडत नाही. त्या सकाळी मी शालीकरामकाकांच्या अंगणात उभा राहून तो उजेड पाहत होतो. तो ओट्याच्या कडेवर टेकला, तेथून शेणाने सारवलेल्या भिंतीच्या पायथ्याशी आला आणि भिंत चढू लागला. प्रथम चार लांब पाय दिसले, तांदळाच्या पिठाने काढलेले. मग दोन भरदार अंगे, एकमेकांकडे वळलेल्या दोन माना, आणि शेवटी गेरूने रंगवलेली दोन डोकी. डोळे तेवढे नव्हते. त्या दोन जागांतून नुसती भिंत दिसत होती.

पलीकडे माझी माय, देवकाबाई, रांजणापाशी हात धूत होती.

हे १९५५ सालचे. कामठ्यापासून बिरसीपर्यंत ज्या घरी लग्न असे, त्या घराच्या दाराशेजारी मायच्या हातची सारसजोडी असे. मोर का काढत नाहीस, असे मी लहानपणी तिला विचारले होते. ती म्हणाली होती, "मोर नाचते न निंगून जाते. सारस जोडीनं चरते, जोडीनं वरडते. एक मेला तं दुसरा दाना खात नाही." जोडी आधी काढून ठेवायची, डोळे मात्र हळदीच्या वेळी, नवरीच्या देखत, ज्याने जोडी काढली त्यानेच काजळाने उघडायचे, अशी रीत होती. बाबा वारले आणि त्यानंतरची दोन वर्षे मायला कोणी बोलावले नाही. विधवेने लग्नाच्या भिंतीला हात लावू नये असे तिला कोणी तोंडावर म्हटले नव्हते. बोलावणी थांबली, एवढेच.

म्हणून काकांच्या वच्छलाच्या लग्नाचे काम माझ्याकडे आले. मी नागपुरात वर्षभर चित्रकला शिकून आलो होतो. तीन दिवस खपून मी एक जोडी काढली. तिच्यात छायाप्रकाश होता, प्रमाण होते. वच्छलाची आई जमुनाबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिली.

"काऊन रे टिकाराम, हे बगळे कायले काढलेस?"

"सारस होत, काकी."

"असतीन बापा. पर हे तं मासोळीवर ध्यान ठेवून राहिले."

बाया हसल्या. मी घरी काही सांगितले नाही, तरी मायला कळले. त्याच संध्याकाळी वच्छलाने माझ्या चित्रावर सारवण फिरवले आणि दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्यापूर्वी मागचे दार उघडून मायला आत घेतले. मी कंदील धरला. मायचा हात एकदाही थांबला नाही. निघताना वच्छला तिला म्हणाली, "काकी, डोळे बी तुमीच उघडजा. बाबा काही म्हनत नाही."

"पाहू," माय म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहत राहिलो.

दुपारी मांडव भरला. गोंदियाहून केशोराव गुरुजी आले होते. त्यांच्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, हे मला ठाऊक होते. ते भिंतीपुढे थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "ही रेघ कुणाची?" त्यांनी विचारले.

शालीकरामकाकांनी मला जवळ बोलावले. "टिकाराम, हे तू काढलं का वैनीनं? वैनीनं काढलं असन तं तसं सांग, बापा. आमाले चालते. पोरीची तं तेच इच्छा हाये."

हळदीला बसलेल्या वच्छलाने मान वर केली. मांडवाच्या कडेला, सगळ्या बायांच्या मागे, धुतलेले लुगडे नेसून माय उभी होती.

"मीच काढले," मी म्हणालो.

वच्छलाने मान खाली घातली. जमुनाबाई म्हणाली, "मंग बगळ्याइले अक्कल आली म्हनाची," आणि सारा मांडव हसला. कोणीतरी माझ्यापुढे काजळ धरले. मी दोन ठिपके ठेवले. माझा हात थरथरला असता तर आज मला थोडे बरे वाटले असते. तो थरथरला नाही. "सोमवारी शाळेत या," गुरुजी म्हणाले. मी वळून पाहिले तेव्हा मांडवाच्या कडेला कोणी नव्हते.

संध्याकाळी माय सुपात तांदूळ पाखडत होती. तिने वर न पाहता विचारले, "डोळे बराबर बसले का?"

"बसले."

"बरं झालं."

त्यानंतर तिने कोणत्याच भिंतीला हात लावला नाही. आमच्या स्वतःच्या ओसरीलाही नाही.

पाच वर्षे झाली, मी गोंदियाच्या त्या शाळेत शिकवतो. सारस हे निष्ठेचे प्रतीक होय, असे फळ्यावर लिहून देतो आणि मुले ते वळणदार अक्षरात उतरवून घेतात. या पाच वर्षांत मी मनाशी एक समजूत घट्ट बांधून ठेवली होती. विधवेचा हात भिंतीला लागला हे वरपक्षाला कळले असते, तर त्यांनी मायला चार शब्द ऐकवले असते. त्यातून मी तिला वाचवले. ती बिचारी दुरून हळद पाहायला आली होती.

ती हळद पाहायला आली नव्हती. तिच्या मुठीत काजळाची डबी होती, आणि 'मीच' म्हणण्यापूर्वी ती डबी मी पाहिली होती.